नव्या स्कॅफोल्डरांची तुकडी: प्रशिक्षकाच्या नोंदवहीतून

१३ जानेवारी

यार्ड ताब्यात घेतलं. उद्या दहा जणांची नवी तुकडी येतेय. मी शिकवायचं, मुख्य प्रशिक्षकांनी मागे उभं राहून बघायचं, आणि तुकडी संपताना त्या दहांबरोबर माझाही निकाल लावायचा, अशी व्यवस्था आहे. परांची बांधण्याचं कार्ड माझ्याकडे बऱ्याच वर्षांपासून आहे. शिकवण्याचं अजून मिळायचंय.

आजचा दिवस माल निवडण्यात गेला. 'सरावाला चालेल' असा वेगळा ढीग केला नाही. सरावाची परांचीही माणसाला तेवढ्याच जोरात पाडते, त्यामुळे माल एकच, चांगला. वाकलेले, टोकाला चेपलेले, गंजाचे पापुद्रे सुटलेले पाइप बाजूला काढले आणि लगेच कापून हातभर तुकडे केले. लाल पट्टा मारून कोपऱ्यात ठेवलेला पाइप घाईच्या दिवशी बरोबर मालात परत येतो. तुकडा येत नाही.

खराब कपलर, म्हणजे पाइप एकमेकांना जोडणाऱ्या पकडी, मात्र फेकले नाहीत. आटे गेलेला बोल्ट, तडकलेली झडप, जास्त आवळून तोंड फाकलेला स्विवल (हव्या त्या कोनात फिरणारा कपलर), रंगाच्या थराखाली चीर लपलेला एक फिक्स (काटकोनात धरणारा) कपलर, असे सगळे एका पेटीत घातले आणि पेटीला कुलूप लावलं. शिकवायला यापेक्षा चांगलं साहित्य विकत मिळत नाही.

हेल्मेटांवर १ ते १० आकडे रंगवले. वहीत नावांऐवजी हेच आकडे लिहीन.

१४ जानेवारी

दहाही वेळेवर आले. बहुतेक विशी-पंचविशीतले. ७ नंबर माझ्यापेक्षा वयाने मोठे, अनेक वर्षं परांच्या बांधलेले, फक्त कागद नाही म्हणून कंपनीने पाठवलेले. बाकीच्यांना अरे-तुरे, त्यांना अहो-जाहो. सकाळी सगळे 'दादा' म्हणत होते, दुपारपर्यंत 'सर' म्हणायला लागले. ७ नंबर काहीच म्हणत नाहीत, नुसती मान हलवतात.

आज उंचीवर कोणी गेलं नाही. दिवसभर पाइप.

४ नंबरने विचारलं, बाहेरचा व्यास ४८.३ मि.मी. कशाला, सरळ ५० का नाही? मला हा प्रश्न आवडला. हे माप मुळात दीड इंची पाण्याच्या पाइपचं. परांचीने ते नळकामाकडून उचललं, कपलर त्यावर बेतले गेले आणि मग ते बदलणं कोणाच्याच सोयीचं राहिलं नाही. म्हणून ज्याचा व्यास तपासलेला नाही असा पाइप कुठूनही आणून परांचीत घालायचा नाही. कपलर त्याच्यावर बसल्यासारखा वाटेल, पण धरणार नाही.

बाहेरचं माप एकच असलं तरी भिंतीची जाडी वेगळी असू शकते, हे टोकातून बघायला लावलं. ४ मि.मी. जाडीचा पाइप मीटरला सुमारे ४.३७ किलो भरतो, ३.२ मि.मी.चा साडेतीन किलोच्या थोडा वर. म्हणजे ६ मीटरचा पाइप एक २६ किलोचा आणि दुसरा २१ किलोचा. लांबून दोन्ही सारखेच दिसतात. दोन ढीग मिसळून ठेवले आणि उचलून वेगळे करायला सांगितलं. १० नंबरने डोळे मिटूनसुद्धा ओळखले. तो आधी हमाली करायचा.

दुपारी हातोहात पाइप वर देणं, तेही जमिनीवर आणि एका टप्प्याच्या उंचीवरच. यात शिकवण्यासारखं एकच आहे, पण ते फार महत्त्वाचं आहे: वरचा 'घेतला' म्हणेपर्यंत खालच्याने हात काढायचा नाही. 'घेतोय' चालत नाही, मान हलवलेली चालत नाही. ३ आणि ८ नंबर जुने दोस्त, त्यांना एकमेकांचा अंदाज आहे म्हणून ते न बोलता देत-घेत होते. त्यांची जोडी फोडली. साइटवर कोणाबरोबर उभं राहावं लागेल हे आपल्या हातात नसतं.

१६ जानेवारी

पाना आणि ५० न्यूटन-मीटर.

फिक्स कपलरचा नट ५० न्यूटन-मीटरला आवळायचा असतो. आकडा सांगून हाताला काही कळत नाही. २५ सें.मी. दांड्याच्या टोकाला साधारण २० किलोचा जोर, असं सांगितलं तर थोडं कळतं. प्रत्येकाने हाताच्या अंदाजाने दहा कपलर आवळायचे आणि मग मी टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) तपासायचं, असा खेळ लावला. सैल निघतील असं त्यांना वाटत होतं. झालं उलटं. तगडी पोरं अंगातला सगळा जोर लावत होती, ५ नंबरचे तर जवळजवळ सगळे मापाच्या बरेच वर गेले. जास्त आवळलं म्हणजे जास्त सुरक्षित, ही समजूत काढायला कुलपाची पेटी उघडली. फाकलेला स्विवल हातात दिला आणि त्याच्या आट्यांवर बोट फिरवायला सांगितलं. पुढचं त्याने स्वतःच सांगितलं.

नीट आवळलेला फिक्स कपलर सुरक्षितपणे सुमारे ६.१ किलोन्यूटन पेलतो, म्हणजे ६०० किलोच्या वर. पुटलॉग कपलरचा पाइपवरून घसरण्याविरुद्धचा आकडा ०.६३ किलोन्यूटन, म्हणजे एका माणसाचं वजन. दोन्ही पाइपवर बसतात, दोन्ही त्याच पान्याने आवळले जातात, आणि ताकदीत जवळजवळ दसपट फरक. पुटलॉगचं काम फळ्यांखालचा आडवा पाइप जागेवर धरण्याचं. उभ्या पाइपला भार पोचवायची जागा त्याची नाही. हे दोन कपलर शेजारी ठेवून फोटो काढला आणि यार्डाच्या दारावर चिकटवला.

संध्याकाळपर्यंत आठ जणांचे हात मापावर आले. ७ नंबरचे पहिल्या फेरीपासून मापावर होते. इतका नेमका हात मी फार थोड्यांचा बघितलाय.

१८ जानेवारी

पाया. यार्डाच्या मागची उतरती जमीन मुद्दाम निवडली. ओळीतल्या सगळ्यात उंच जागेपासून सुरुवात करायची. खालून सुरुवात केली तर वर जाईपर्यंत जॅक (पायाची उंची कमी-जास्त करणारा स्क्रू) आणखी खाली करायला जागाच उरत नाही, मग कोणीतरी जमीन उकरायला घेतो. खाली लाकडी फळी, तिच्यावर बेस प्लेट, फळीखाली पोकळी नको. विटेचा तुकडा, दगड, रंगाचा डबा यांतलं काही चालणार नाही. पहिला चौक (चार उभ्या पाइपांमधला भाग) पाणसळीत आणि ओळंब्यात आल्याशिवाय दुसरा उभा करायचा नाही, कारण खालची बोटभर चूक चौथ्या टप्प्यावर हातभर दिसते.

मी शिकवत होतो, म्हणजे खरं तर बांधत होतो आणि दहा जण बघत होते. मुख्य प्रशिक्षक दुपारी जवळ आले आणि म्हणाले, "पाना तुझ्याच खिशात राहू दे, पण खिशातच. आणि उत्तरं वाटत सुटू नकोस. प्रत्येक पाइपला हात लावून एकच विचार, हा काढला तर काय होईल?"

त्यांनी एक जुनी पद्धतही समजावली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांना आणि गोद्यांना नवखी माणसं भराभर तयार करावी लागली, तेव्हा 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाच्या सरकारी उपक्रमाने कामावरच्या फोरमनांसाठी चार पायऱ्यांचं कार्ड काढलं: माणसाला तयार करा, काम दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, नंतर लक्ष ठेवा. मी दुसऱ्याच पायरीवर अडकून बसलो होतो, असं त्यांचं म्हणणं. उद्यापासून मधे एक फेरी वाढवायची: हात माझे, तोंड त्यांचं. पुढे काय करायचं ते त्यांनी बोलायचं, मी मुकाट्याने तेवढंच करायचं. सांगितलं नाही ते करायचं नाही.

१९ जानेवारी

ही फेरी करून बघितली. २ नंबर 'लेजर लाव' म्हणाला, मी लेजर, म्हणजे उभे पाइप जोडणारा आडवा पाइप, हातात धरून उभा राहिलो. किती उंचीवर, कपलर कोणता, आधी कोणतं टोक, काहीच सांगितलेलं नव्हतं. सगळे हसले, मग एकेक गोष्ट बाहेर यायला लागली. वेळ तिप्पट लागतो. पण कोणाच्या डोक्यात कुठे खिंडार आहे ते मिनिटभरात दिसतं, एरवी ते आठवडाभर कळत नाही.

२१ जानेवारी

आज सगळ्यात जास्त मजा आली.

५ मि.मी. जाडीची, मीटरभर लांबीची सरळ लोखंडी सळई वजनकाट्यावर उभी धरली आणि ९ नंबरला वरून तळहाताने सरळ दाबायला सांगितलं. काटा सहा किलोच्या आसपास गेला आणि सळई कमानीसारखी वाकली. लोखंड तुटलं नाही, चेपलं नाही, नुसतं बाजूला पळालं. मग अगदी मध्यावर एका कडीतून सळई सरकवून कडी खुंटीला घट्ट केली. पुन्हा दाबायला लावलं. या वेळी काटा वीसच्या पुढे गेला आणि सळई वाकली ती नागमोडी, कडीच्या वर एका बाजूला आणि खाली दुसऱ्या बाजूला. हिशेबाने ती चौपट भार घेते, कारण आधार नसलेली लांबी निम्मी झाली की वाकण्याविरुद्धची ताकद चौपट होते.

"हा काढला तर काय होईल?" कडीला हात लावून विचारलं. ६ नंबर म्हणाला, "सर, म्हणजे लेजर." बरोबर. २ मीटरवर असलेला लेजर कोणीतरी सामान आत न्यायला काढून टाकला की त्या उभ्या पाइपचा टप्पा ४ मीटरचा होतो आणि ताकद साधारण चौथाईवर येते. वरून परांची तशीच दिसते. कोणाला काही जाणवत नाही, कारण त्या दिवशी भारही चौथाईच असतो. भार पुढच्या आठवड्यात चढतो.

यानंतर तिरके पाइप. चार तुकडे चार स्विवलनी जोडून चौकट जमिनीवर आडवी ठेवली आणि कोपऱ्याला बोट लावलं. चौकट पतंगासारखी तिरपी झाली. कर्णावर एक पाइप लावल्यावर दोघांनी ढकलूनही हलेना. इथे मला बोलावंच लागलं नाही. तरी एक गोष्ट सांगितली, कारण ती साइटवर सतत नडते: तिरका पाइप भार घेताना दिसत नाही म्हणून लोकांना तो फुकटचा वाटतो, आणि वाटेत येतो म्हणून पहिला तोच निघतो.

२३ जानेवारी

पाऊस. वर्गातच बसलो. भाराचं गणित.

युरोपीय मानकात परांचीचे सहा भारवर्ग आहेत. पहिला चौ.मी.ला ०.७५ किलोन्यूटनचा, सहावा ६ किलोन्यूटनचा. तिसरा वर्ग २ किलोन्यूटन, म्हणजे चौ.मी.ला साधारण २०० किलो. आपला चौक २ मीटर लांब आणि १ मीटर रुंद धरला तर एकूण ४०० किलो. हत्यारांसकट दोन माणसं वजा केली की उरले २००. वीट ३ किलोची धरली तर पासष्ट-सहासष्ट विटा. एका खेपेत वर चढवलेला ढीग यापेक्षा मोठा असतो, हे त्यांचं त्यांनाच लक्षात आलं. १ नंबर वही मिटून म्हणाला, "म्हणजे आम्ही आजवर नशिबावर उभे होतो." त्याला आधी गवंड्याच्या हाताखालचा अनुभव आहे.

२७ जानेवारी

टाय, म्हणजे परांची इमारतीला बांधून धरणारे जोड. परांची स्वतःच्या पायावर उभी असते असं सगळ्यांना वाटतं. खाली जाणारा भार पाय घेतात, पण आत-बाहेर कलणं टाय थांबवतात. भिंतीत रुतवलेला अँकर असो नाही तर खिडकीत अडकवलेला आडवा पाइप, प्रश्न तोच: ज्याला धरलंय ते धरण्यालायक आहे का? अँकर नुसता बसवून भागत नाही, ओढून तपासायचा. सैल गिलाव्यात बसवलेला अँकर हाताला घट्ट लागतो आणि भाराला सुटतो.

यासाठी एकच घटना सांगितली. २७ एप्रिल १९७८, अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातलं विलो आयलंड. वीज केंद्राच्या कूलिंग टॉवरचं काम चालू होतं आणि परांची त्या टॉवरच्याच वरच्या, नुकत्या ओतलेल्या काँक्रीटला धरून होती. आदल्या दिवशीचं काँक्रीट पुरेसं घट्ट झालेलं नव्हतं. ते सुटलं, परांची खाली आली आणि ५१ कामगार गेले. ढीगभर फोटो दाखवत बसलो नाही. वर्गात काही वेळ कोणी बोललं नाही, मग ६ नंबरने विचारलं, "काँक्रीट तयार झालंय हे स्कॅफोल्डरने कसं ओळखायचं?" ओळखायचं नाही. विचारायचं आणि लेखी घ्यायचं. घाबरून विचारण्यापेक्षा सवयीने विचारलेलं बरं.

जाळी आणि ताडपत्रीचाही विषय इथेच उरकला. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. ताशी ७२ किलोमीटरच्या वाऱ्यात बंद आडोशाच्या प्रत्येक चौ.मी.वर साधारण २५ किलोचा जोर येतो. बांधून झालेल्या उघड्या परांचीवर कोणीतरी नंतर ताडपत्री ताणली, तर ती वेगळीच परांची झाली. टायचा हिशेब नव्याने करायचा.

२९ जानेवारी

उंची.

आधी जमिनीवर टेपने हिशेब: हार्नेस (अंगावरचे सुरक्षा पट्टे) घातलेला माणूस पडला तर किती खाली येतो. दोरी २ मीटर, धक्का शोषणारं पाकीट फाटून जास्तीत जास्त पावणेदोन मीटर लांबतं, पाठीवरच्या कडीपासून तळपायापर्यंत दीड मीटर, शिवाय एक मीटर राखीव. हुक पायाशी अडकवला तर हुकापासून खाली सव्वासहा मीटर मोकळे हवेत. पहिल्या दोन टप्प्यांवर, म्हणजे चार मीटरवर, पायाशी हुक लावून पडणारा माणूस हार्नेस घालूनच जमिनीवर आपटतो. दोरी तुटत नाही, हुक सुटत नाही, तरी माणूस जातो. यातून दोन गोष्टी निघतात. हुक डोक्याच्या वर लावायचा. आणि त्याआधी, पुढच्या टप्प्याचा कठडा खालच्या सुरक्षित फळ्यांवर उभं राहूनच बसवायचा, म्हणजे वर पाय ठेवताना कठडा आधीच असतो आणि हार्नेसवर वेळच येत नाही. मुख्य कठडा निदान ९५० मि.मी. उंच, मधली फट ४७० मि.मी.पेक्षा जास्त नाही, पायाशी १५० मि.मी.ची फळी.

२ नंबर पहिल्या टप्प्यावर जाऊन थिजला. उभ्या पाइपला दोन्ही हातांनी विळखा. कोणी हसू नये म्हणून बाकीच्यांना माल मोजायला पिटाळलं. त्याला खाली ये म्हटलं नाही, वर जा म्हटलं नाही. तिथेच काम दिलं: समोरच्या चार कपलरवर टॉर्क पाना लाव आणि आकडे मोठ्याने सांग. तिसऱ्या कपलरला त्याने एक हात सोडला. भीती असलेला माणूस मला चालतो, तो हुक विसरत नाही. मला ९ नंबरची जास्त काळजी वाटते. फळी नसलेल्या लेजरवरून तो चालत गेला आणि वर हसून बघितलं. त्याला दिवसभर खाली ठेवलं.

७ नंबर हुक लावतच नाहीत. बेफिकिरीने नव्हे. त्यांच्या हातांनी काम शिकलं तेव्हा त्या कामात हुक नव्हता. त्यांना खाली उभं करून हातात टेप दिली: वरचा प्रत्येक जण आत्ता पडला तर कुठवर येईल ते भिंतीवर खडूने मांडा. त्यांनी नेमकं मांडलं, दोन पोरांना ओरडलेही. मग स्वतः वर गेले, हुक लावला, दहा मिनिटांनी जागा बदलली आणि पुन्हा मोकळेच. दोन हुकांची दोरी दिली, एक सुटण्याआधी दुसरा अडकलेला. तरी दिवसातून तीन-चारदा टोकावं लागलं.

३० जानेवारी

सुटका. हार्नेसमध्ये लटकलेला माणूस वाचला असं समजून खाली उभं राहून रुग्णवाहिकेची वाट बघायची नसते. पायांत रक्त साचून तो काही मिनिटांत बेशुद्ध होऊ शकतो. वाळू भरलेला पुतळा लटकवून प्रत्येक जोडीने तो खाली आणला. ३ आणि ८ नंबरची जोडी फोडल्यावर आज पहिल्यांदा दोघंही बडबडत काम करत होते.

३ फेब्रुवारी

उतरवणं. माझा हट्ट होता की याला पूर्ण दिवस द्यायचा. कार्यक्रमात ते 'उभारणीच्या उलट क्रमाने' अशा एका ओळीत उरकलेलं होतं.

उलट क्रम म्हणणं सोपं. पण आपण बांधली ती परांची आणि उतरवायला आलो ती परांची एकच नसते. मधल्या काळात प्लास्टरवाल्याने दोन टाय काढलेत, खिडकीवाल्याने तिरका पाइप सरकवलाय, कोणीतरी फळ्या पळवल्यात. म्हणून पहिलं काम पाना नव्हे, तपासणी. जे नाही ते आधी परत बसवायचं आणि मगच काढायला घ्यायचं. हे ऐकून ८ नंबरला हसू आलं, काढायचंच आहे तर बसवायचं कशाला? त्याला वरच्या टायकडे बोट दाखवून नेहमीचा प्रश्न विचारला. उत्तर द्यायला त्याला वेळ लागला, पण दिलं: वरचे लोक अजून वर आहेत.

टाय त्याच्या पातळीपर्यंत परांची खाली आल्यावरच काढायचा. घाईत सगळे टाय एका फेरीत सोडून येणारे लोक मी बघितलेत, 'एकदाच चढलं की झालं' म्हणत.

दुसरं, काढलेला माल. उतरवताना पाइप हाताशी फळ्यांवर रचत जायचा मोह होतो. २३ तारखेचं गणित फळ्यावर पुन्हा मांडलं: ६ मीटरचे वीस पाइप म्हणजे ५२० किलो, चौकाला मंजूर ४००. बांधताना जेवढा भार कधी येत नाही तेवढा उतरवताना येतो, तोही परांची सगळ्यात कमकुवत असताना. म्हणून काढलेला पाइप लगेच खाली, हातोहात किंवा कप्पीने. वरून टाकायचा नाही, खाली मोकळं असलं तरी. उभा आपटलेला पाइप कुठे उडेल ते सांगता येत नाही, आणि तो चेपलेला पाइप नंतर कोणाच्या तरी परांचीत जातो.

संध्याकाळी पूर्ण परांची खाली, माल मोजून रचलेला. कपलर तेल पुसून पेट्यांत. कोणी दमल्याची तक्रार केली नाही. ५ नंबर म्हणाला, बांधण्यापेक्षा हेच अवघड. याच वाक्यासाठी दिवस मागितला होता.

६ फेब्रुवारी

तपासणीची परीक्षा. एका टप्प्याची परांची मी रात्री दोष घालून ठेवली, लाल टॅग लावला, वर चढायला बंदी. सैल कपलर, आधाराच्या बाहेर २५० मि.मी. लोंबणारी फळी (३८ मि.मी. जाडीची फळी ५० ते १५० मि.मी.च बाहेर काढायची, जास्त काढली की टोकावर पाय पडताच उलटते), बेस प्लेटखाली पोकळी, एक गायब तिरका पाइप, पुटलॉग कपलरवर बसवलेला लेजर.

गायब गोष्ट शोधणं सगळ्यांना जड जातं. जे आहे त्यातलं वाईट दिसतं, जे नाही ते दिसत नाही. तिरका पाइप चौघांनाच सापडला. पुटलॉगचा दोष मात्र फक्त दोघांच्या नजरेतून सुटला, दारावरच्या फोटोचं काम झालं. १ नंबरने उलटा घोळ घातला, चांगल्या असलेल्या सहा गोष्टीही दोष म्हणून लिहिल्या. त्याचेही गुण कापले. सगळ्यालाच लाल टॅग लावणाऱ्या माणसाचं साइटवर आठवड्याने कोणी ऐकत नाही, मग खऱ्या दोषाच्या दिवशीही ऐकत नाही.

तपासणी कधी करायची याचे नियम देशोदेशी वेगळे. अमेरिकेत प्रत्येक पाळीआधी, ब्रिटनमध्ये दर ७ दिवसांच्या आत. वादळ झालं, धक्का बसला किंवा फेरफार केला तर दोन्हीकडे लगेच. मी तुकडीला कडक बाजूने शिकवलं.

१० फेब्रुवारी

माझं मूल्यमापन. बाहेरून आलेले परीक्षक दिवसभर वही घेऊन बसले. पाठाचा आराखडा, दाखवण्याची पद्धत, प्रश्न, धोक्याच्या वेळी थांबवणं, सगळ्याचे वेगळे गुण. ४ नंबर चुकीचा कपलर लावत होता तेव्हा मी थांबलो आणि त्याने तो स्वतः बदलला. परीक्षकांनी नंतर विचारलं, किती वेळ थांबणार होतात? मी म्हटलं, कपलर जमिनीलगतच्या पाइपवर असेल तर बराच वेळ. दुसऱ्या टप्प्यावर असता तर अजिबात नाही. ते लिहून घेतलं त्यांनी. मंजुरी मिळाली, पुढच्या तीन तुकड्या देखरेखीखाली घ्यायच्या या अटीवर.

१२ फेब्रुवारी

निकाल. आठ जण पास, त्यांना अनुभवी स्कॅफोल्डरच्या हाताखाली साध्या परांचीवर काम करता येईल. लोंबती परांची, कॅन्टिलिव्हर (एकाच बाजूच्या आधारावर बाहेर काढलेली परांची), पूल या गोष्टींना अजून बराच अवकाश आहे, तसं कार्डावर स्पष्ट लिहिलं. २ नंबर पास. ९ नंबरची उंचीवरची वागणूक पुन्हा तपासायची.

आणि ७ नंबर नापास. पाना, पाया, तपासणी, उतरवणं, सगळ्यांत पहिले. अंतिम चाचणीत दोनदा हुकाशिवाय जागा बदलली, तिथेच थांबवावं लागलं. दुपारी कंपनीचा फोन आला, माणूस कामाचा आहे, एवढ्यासाठी अडवू नका. मी म्हटलं, कामाचा आहे म्हणूनच नवी पोरं त्याच्याकडे बघून शिकतील. पलीकडचा नाराज झाला. मुख्य प्रशिक्षकांनी निकालावर सही केली.

त्यांना बोलावून सांगितलं. रागावले नाहीत. "हात ऐकत नाही," एवढंच म्हणाले. फेरपरीक्षा २४ तारखेला ठेवली, फक्त हुकाची. तोवर रोज तासभर खालच्या टप्प्यावर दोन हुकांचा सराव, बरोबर कोणीतरी मोठ्याने मोजणारा. सोमवारी नवी तुकडी येतेय, तिला पाइप देणं-घेणं शिकवायला मी उभा राहू का, असं त्यांनी विचारलं. हो म्हटलं, जमिनीवर.

पुढच्या तुकडीसाठी: उतरवण्याचा दिवस दुसऱ्या आठवड्यात आणायचा. सळईचा प्रयोग पायाच्या आधी. टॉर्क पाने आणखी दोन मागवायचे. पेटीत या वेळचे तीन नवे कपलर पडलेत, त्यांच्यावर चिठ्ठ्या लावायच्या आहेत.